मुंबई ते नैरोबी, दहा तास

डोमाजी, तुझी सुमन या क्षणी समुद्रावर आहे!

सकाळचे नऊ वाजले आहेत. मुंबईच्या विमानतळावरून विमान सात वाजता सुटते, असे कंपनीच्या छापील वेळापत्रकात आहे, आणि ते वेळेवर सुटले असेल असे मी धरून चाललो आहे. म्हणजे दोन तास झाले. विमानाची गती ताशी दोनशे ऐंशी मैल. पाचशे साठ मैल पाणी मागे पडले. तुला मैलांत सांगून उपयोग नाही, म्हणून तुझ्या मापात सांगतो: चव्वेचाळीस हजार आठशे जरीब! सहासष्ट फुटांची ती लोखंडी साखळी तू उभी हयात जंगलातून ओढलीस. ती चव्वेचाळीस हजार आठशे वेळा टाकावी एवढे अंतर तुझ्या लेकीने तोडले, आणि तेवढ्या वेळात मी इकडे स्नानसंध्या उरकून पूजेची भांडी पुसून ठेवली, इतकेच. 

तुला जाऊन आज तेवीस दिवस झाले. गेलेल्या माणसाला उद्देशून आपण तिलोदक देतो, नावगोत्र उच्चारून पिंड देतो. मग त्याच्याशी चार गोष्टी बोलण्यात अनुचित ते काय? शिवाय मला तुला एक गोष्ट सांगायची होती. चार वर्षे ती मी गिळून बसलो. ती सांगण्याचे धैर्य गोळा होईपर्यंत तू निघून गेलास, आणि आता असे कळते की सांगण्याची गरजच नव्हती.

आज मी अन्नपाणी घेतलेले नाही. संध्याकाळी पाचपर्यंत घेणार नाही. आज माझी एकादशी नाही, प्रदोष नाही, कोणतेही व्रत नाही. हा तुझा नेम आहे. माझ्यामुळे मोडलेला तुझा नेम आज मी पुरा करायला बसलो आहे, आणि रिकाम्या पोटी नुसते बसवत नाही म्हणून लेखणी घेतली आहे.

आरमोरीच्या शाळेत आपण दोघे एका तरटावर बसलो. पुढे मी काशीला गेलो, सात वर्षे व्याकरण आणि ज्योतिष शिकून परतलो, आणि पंचांगाचे गणित करू लागलो. तू मोजणीखात्यात शिरलास. राजुऱ्यापासून सिरोंच्यापर्यंत असा डोंगर नसेल, असा नाला नसेल, की जिथे तुझी साखळी पडली नाही. दोन-दोन महिने तू घरी नसायचास. परत आलास की माझ्या ओसरीवर पाय पसरून बसायचास आणि म्हणायचास, "बुवा, तू बसल्या जागी चंद्र मोजून राह्यला, न् माह्या पायाले इथी फोड आले." मी म्हणे, "तुझी साखळी जेथे संपते, तेथून माझे शास्त्र सुरू होते." त्यावर तू नाकाने हसायचास. ते हसणे मला आजही ऐकू येते.

आपला वाद एकच होता आणि तो पन्नास वर्षे चालला. तुझे म्हणणे, जे अंतर पायांनी चालले नाही ते माणसाला कळलेच नाही. माझे म्हणणे, सूर्य, नक्षत्रे आणि गणिताच्या कोष्टकांचा आधार असेल तर जेथे पाऊल पडू शकत नाही तेथलेही अंतर कळते. तू म्हणायचास, "तुह्यावर भरवसा हाय बुवा. पण भरवसा म्हंजे मोजणी नव्हे." या वाक्याला मी कधी नीट उत्तर दिले नाही, हे आज मान्य करतो.

मग चार वर्षांपूर्वी सुमनचे तिकीट आले. जावई नैरोबीच्या रेल्वेत नोकरीला लागून वर्ष झाले होते. सुमन विषमज्वरातून नुकती उठलेली, अंगात त्राण नाही. आगबोटीचा दहा-बारा दिवसांचा प्रवास हिला सोसणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. म्हणून जावयांनी विमानाचे तिकीट धाडले. आपल्या गावातून तोवर कोणी विमानात बसले नव्हते. तू ते तिकीट माझ्यापुढे ठेवलेस आणि म्हणालास, "लेक किती दूर चालली ते सांग. गोड बोलू नको. आकडा सांग."

तुझा चेहरा मी तसा पूर्वी पाहिला नव्हता. जंगलात वाघाच्या पायखुणांवरून साखळी नेणारा तू, एका कागदाकडे भिऊन पाहत होतास.

तो भोपळा आठवतो का? वहिनींनी आणलेला मोठा, गोल, तांबडा भोपळा मी तुझ्या ओसरीवर मांडला. देठाच्या जागी उत्तर ध्रुव, बुडाशी दक्षिण ध्रुव. चुन्याच्या बोटाने मुंबई टेकवली, मग पश्चिमेकडे छत्तीस अंश मोजून विषुववृत्ताच्या किंचित खाली नैरोबी. दोहोंमध्ये दोरा ताणला आणि तुला म्हणालो, "पाहा, ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो. विमानाची वाट हीच."

तू खाली वाकून भोपळ्याच्या खाचांकडे बघितलेस. "बुवा, पृथ्वीले अशा खाचा असत्या तं विमानाचा खुळखुळा झाला असता."

"खाचांकडे बघू नकोस. दोऱ्याकडे बघ."

"दोरा तं बघून राह्यलो. पण या दोऱ्याखाली पाणी हाय. पाण्यावर जरीब कोण टाकली?"

"आकाशात टाकली!"

आतून वहिनी ओरडल्या, "तुमी दोघं माह्या भोपळ्याले भोकं नका पाडू! सांजच्याले भाजी कराची हाय."

मी गणित मांडले. तिरक्या दोऱ्याला एक्केचाळीस अंशांचे चाप. प्रत्येक अंशाला सुमारे एकोणसत्तर मैल. सुमारे अठ्ठावीसशे मैल. तू पाटी ओढून घेतलीस आणि तुझ्या मापात गुणाकार केलास. दोन लाख चोवीस हजार जरीब. हा आकडा तू तीनदा मोठ्याने वाचलास. नोकरीतल्या सगळ्या वर्षांची मोजणी एकत्र केली तरी एवढी होईल का, असे तू मनात धरले असावेस. पण आकडा कळल्यावर तुझ्या खांद्यांवरचा ताण उतरला, हे मी पाहिले. तुला अंतराची भीती नव्हती. मापात न बसणाऱ्या अंतराची भीती होती. त्या दिवशी संध्याकाळी मुंबई आणि नैरोबी एकाच भाजीत शिजली.

पुढचा घोळ मुहूर्ताचा. विमान आठवड्यातून एकच दिवस, बुधवारी. तोही दिवस आणि वेळ कंपनीने ठरवलेली. सुमन आरमोरीहून निघणार रविवारी, आणि त्या रविवारी योग बरा नव्हता. म्हणून आपल्या रीतीप्रमाणे मी प्रस्थान ठेवायला सांगितले. गुरुवारी सकाळी चांगल्या घटिकेवर सुमनच्या नावाने तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि तिची एक बांगडी पिवळ्या फडक्यात बांधून तू माझ्या घरी आणून ठेवलीस. प्रवासाची वस्तू उंबरठ्याबाहेर पडली की प्रवास सुरू झाला असे शास्त्र मानते.

"म्हंजे सुमन आता निघाली?" तू विचारलेस.

"निघाली."

"न् ती तं घरी शेवया खाऊन राह्यली." तू गाठोडे वर उचलून बघितलेस. "बुवा, तुह्यं विमान लई भारी हाय. तिकीट बी नाई लागत."

असा थट्टा करणारा तू, त्याच दिवशी मार्कंड्याला जाऊन महादेवापुढे नेम बोलून आलास, हे मला दोन दिवसांनी कळले. विमान मुंबईहून सुटल्यापासून सुमनचे पाय नैरोबीच्या जमिनीला लागेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. मला राग आला. नेम धरण्यापूर्वी मला विचारायचेस तरी! उन्हाळ्याचे दिवस, तुझे वय, तुझे पित्त. पण बोललेला नेम माघारी घेता येत नाही. उरला प्रश्न एकच. सुमनचे पाय जमिनीला किती वाजता लागतात? तू पाणी कधी प्यावेस, हे आता माझ्या गणितावर अवलंबून होते.

आणि तेथे मी चुकलो, डोमाजी.

वेळापत्रकात छापले होते: मुंबई, सकाळी सात, नैरोबी, दुपारी सव्वादोन. पंचांगकर्त्याची नजर त्या कागदावर गेली आणि जन्माची सवय पुढे धावली. आमच्या पंचांगात एकाच गावाची वेळ छापतात. काशीची असो वा उज्जैनची, त्या एका गावाच्या वेळेवरून मग ज्याने त्याने आपल्या गावच्या फरकाचा संस्कार करून घ्यायचा. कंपनी मुंबईची, कागद मुंबईत छापलेला. तेव्हा सव्वादोन ही मुंबईची, म्हणजे आपलीच वेळ. इतके ते मला स्वच्छ वाटले. प्रत्येक गावाची वेळ त्या गावच्याच घड्याळाने देणारा कागद असू शकतो, हे माझ्या मनात आलेच नाही. माझ्या विद्येत तसा कागद कोणी लिहिला नसता.

तुझ्या मनात मात्र आले होते. "बुवा, नैरोबीत घड्याळ नाई का?"

"आहे. पण हा कागद मुंबईचा आहे."

तू पुन्हा पाटी घेतलीस. "सव्वासात घंट्यात अठ्ठावीसशे मैल. म्हंजे घंट्याले पावणेचारशेच्या वरतं झाले. जावई लिवते का विमान दोनशे ऐंशीनं जाते."

"वारा अनुकूल असेल."

तू माझ्याकडे बघितलेस आणि पाटी पुसलीस. मी ते पुसणे संमतीचे समजलो. काशीहून आलेल्या माणसाला दुसरे काय वाटणार?

त्या बुधवारचे तुझे घर माझ्या डोळ्यांपुढे आहे. वहिनी सुमनला पोचवायला मुंबईला गेलेल्या. घरात आपण दोघेच. तू ओसरीच्या खांबाला टेकून बसलेला, तोंड पश्चिमेकडे. मी शेजारी जपमाळ घेऊन. आदल्या दिवशी माझी एकादशी होती. द्वादशीला सकाळी पारणे करायचे असते. ते चुकवणे दोषाचे. पण तू पाण्याचा थेंब न घेता बसला असताना मी घरी जाऊन दहीपोहे कसे खाणार? मी पारणे केले नाही. तुला मात्र सांगितले, "माझे आटोपले." एका शास्त्र्याने, द्वादशीच्या सकाळी, जपमाळ हातात धरून खोटे सांगितले. ते लहान खोटे होते असे मी तेव्हा समजत होतो.

दुपारी सव्वादोन वाजले. मी म्हणालो, "डोमाजी, ऊठ. सुमन पोचली."

तू बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलेस. "पक्कं?"

"पक्के."

"तुले काई होऊन राह्यलं का बुवा?"

"मला काय होणार?"

मग तू उठलास, हातपाय धुतलेस, पाणी प्यायलास आणि भात कालवलास. फार सावकाश जेवलास. प्रत्येक घासाला थांबत होतास आणि अंगणापलीकडे बघत होतास. मला वाटले, हा आनंद आहे. तू शेवटचा घास घेतल्यावर मी घरी जाऊन माझे पारणे केले. त्या दिवशीच्या दहीपोह्यांइतके गोड मी काही खाल्ले नसेल.

तीन आठवड्यांनी सुमनचे पत्र आले, माझ्या नावावर. आकाशातून समुद्र कसा दिसतो ते तिने लिहिले होते: जणू कोणी निळ्या पितांबराच्या घड्या मोडून ठेवल्या आहेत. आणि पुढे एक ओळ. काकाजी, उतरताना सगळ्यांनी आपापली घड्याळे पावणेतीन तास मागे घेतली. मी माझे घेतले नव्हते, त्यात पाच वाजले होते.

पाच! तू जेवलास तेव्हा तुझी लेक अजून आकाशात होती. आणखी पावणेतीन तास ती आकाशातच होती. तिचे पाय जमिनीला लागले नसताना तिच्या बापाच्या तोंडात मी घास घातला होता.

ते पत्र मी पोथीच्या बासनात गुंडाळून ठेवले. तुला दाखवले नाही. तुला दुःख होईल म्हणून, असे मी स्वतःला सांगत आलो. आज स्पष्ट लिहितो की तो अभिमान होता. पंचक्रोशीतली लग्ने माझ्या गणितावर लागतात. शेतात पहिले औत माझ्या शब्दावर जाते. तो शब्द माझ्या सर्वांत जवळच्या माणसापाशी खोटा ठरला, हे मला उच्चारवेना. गावात कोणी विमानाचा विषय काढला की तू मोठ्याने म्हणायचास, "आमच्या बुवाचं गणित म्हंजे गणित!" आणि मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

आणखी एक गोष्ट होती, जिचा अर्थ मला लागला नाही. मी बुधवारी दुपारी नैवेद्याचा शिरा तुझ्याकडे आणत असे. तू तो हातात घ्यायचास, कपाळाला लावायचास, आणि झाकून ठेवायचास. "मंग खातो." मी एकदा चिडलो. म्हणालो, प्रसाद ताबडतोब घ्यावा एवढी श्रद्धा तुला उरली नाही, जंगलात राहून तू रानटी झालास. तू म्हणालास, "असन बुवा. रानटीच हाय मी."

येथे लेखणी खाली ठेवली होती. साडेबारा वाजले. साडेपाच तास झाले. पंधराशे चाळीस मैल. अर्ध्यापेक्षा अधिक पाणी मागे पडले! आणि एक नवल ऐक. आपल्याकडे सूर्य माथ्यावरून नुकताच कलला, आणि सुमनचा मध्याह्न मात्र अजून सरकतोच आहे, कारण ती सूर्याच्या मागोमाग धावते आहे. मुंबई ते नैरोबी छत्तीस अंश, म्हणजे बरोबर सहा घटिका. ती सूर्योदय मुंबईत पाहते आणि सूर्यास्त नैरोबीत. तिचा आजचा दिवस सहा घटिकांनी वाढला! काशीत आम्ही देशांतराचे, गावागावांच्या वेळेतल्या फरकाचे, संस्कार पाटीवर शेकडो वेळा केले. ज्या माणसाच्या अंगावरून तो संस्कार प्रत्यक्ष जातो असा माणूस आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. माझ्या गुरुजींना हे सांगता आले असते तर ते आसनावरून उठून उभे राहिले असते. आरमोरीतली एक पोर, भोपळ्यावर मी ताणलेल्या दोऱ्यावरून, सहा घटिका जास्तीचे ऊन अंगावर घेत चालली आहे. आणि हे तुला सांगायचे तर तू नाहीस.

तू गेल्याची तार सुमनला दुसऱ्या दिवशी मिळाली. समुद्र तिने दहा तासांत ओलांडला. पण आठवड्याच्या विमानाची वाट पाहण्यात दिवस गेले, आणि मुंबईहून नागपूर, नागपूरहून छोट्या गाडीने वडसा आणि तेथून मोटारीने आरमोरी यांत दोन दिवस. ती दारात उतरली तेव्हा तुला जाऊन नऊ दिवस झाले होते. ती रडली नाही. ओसरीच्या खांबाला हात लावून उभी राहिली. मग तेरवी झाली. घर रिकामे झाले. गेल्या शुक्रवारी ती माझ्याकडे एकटी आली, तेव्हा माझ्याने राहवले नाही. बासनातून तिचेच पत्र काढून मी तिच्यापुढे ठेवले आणि सर्व सांगितले. म्हणालो, "तुझ्या वडिलांचा नेम माझ्यामुळे मोडला. मी त्यांना ते कळू दिले नाही. त्यांची क्षमा मागायची राहिली. ती तू दे."

आणि डोमाजी, ती हसली. तुझ्यासारखीच, नाकाने. "काकाजी, घड्याळाचं तं मी बाबालेबी लिवलं होतं! त्याच आठवड्यात." तिने पेटीतून एक पत्र आणले. तुझे तिला आलेले उत्तर. आखलेल्या कागदावर, नकाशावर नावे लिहायचास तसे ठसठशीत अक्षर. मी तिला मोठ्याने वाचायला लावले, कारण माझा चष्मा पाण्याने भरला होता.

"सुमन, तू लिवलं का आमचे पाच बजले तवा तू उतरली. मले ते पहिलेच मालूम होतं. अठ्ठावीसशेले दोनशे ऐंशीनं भाग दे, दहा येते. त्याले काशी लागत नाई. पण बुवा सव्वादोनलेच म्हणाला का पोचली. आदल्या रोजी त्याची एकादस होती, न् मी खाईन तवाच तो खाईन असं त्यानं मनात धरलं होतं. मले म्हणे आटोपलं. त्याच्या होटावर पापुद्रे आले होते वं. जप करता करता दोनदा मान पडली. म्या देवाले म्हटलं, लेक तं तुह्या हाती हायच, आता हा माणूस माह्या ओसरीवर पडू देऊ नको, न् मी जेवलो. नेमाचं जे राह्यलं ते आता दर बुधवारी पाच बजेपर्यंत पाणी न पिता पुरं करून राह्यलो. बुवाले यातलं काई सांगू नको. आपलं गणित चुकलं म्हणून तो जेवणार नाई."

सुमनने वाचणे थांबवले तरी मी ऐकतच होतो. चार वर्षांचे बुधवार! झाकून ठेवलेला शिरा! मी तुला रानटी म्हणालो आणि तू "असन" म्हणालास. मला तुझा राग आला, फार आला, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की काय करावे कळेना. मी तुझी फसवणूक केली असे मानून चार वर्षे कुढलो, आणि तू तर माझे सगळे केव्हाच ओळखून बसला होतास. माझी दोन्ही असत्ये, पारण्याचे आणि गणिताचे, तू एकाच भातात कालवून खाल्लेस. देवापुढे बोललेला नेम मोडताना तुझा हात कसा वळला असेल? जन्मभर नेमधर्म सांभाळलेल्या मला ते आजही कळत नाही. मी तसे करू शकलो नसतो असे वाटते.

म्हणून आज मी बसलो आहे. सुमन परत निघाली. वहिनींच्या अंगात शक्ती नाही, म्हणून सोबत तुझा पुतण्या मुंबईपर्यंत गेला. या वेळी मी कागदावर दोन्ही गावांच्या वेळा वेगळ्या लिहिल्या आहेत. सात आणि दहा सतरा; पाच वाजता. त्यापूर्वी माझ्या तोंडात काही जाणार नाही.

डोमाजी, आणखी थोडे लिहितो.

पावणेचारला फाटकाची कडी वाजली. वहिनी होत्या. एका हातात झाकलेले ताट, दुसऱ्या हाताने कुंपण धरत धरत आलेल्या. माझ्या पायरीपर्यंत आल्या आणि तिथेच बसल्या. कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते.

"भाऊजी, आज तुमच्या घरातून धूर नाई निघाला," त्या म्हणाल्या.

"आज स्वयंपाक केला नाही."

"मले मालूम हाय काऊन नाई केला. सुमन सांगून गेली, काकाजीवर ध्यान ठेव म्हणून." ताटावरचे झाकण त्यांनी काढले. भात, मुगाचे वरण. ताट माझ्याकडे सरकवताना वरण सांडले.

मी विचारले, "वहिनी, तुम्ही जेवलात का?"

"माह्या जेवणाचं काय घेऊन बसले."

"केव्हा जेवलात?"

त्यांनी सांडलेले वरण पदराने पुसले, मग म्हणाल्या, "लेक गेली तवापासून चहावर हाओ. आज तं तोबी नाई. समुद्रावर हाय पोरगी. माह्या नरड्याखाली कसं उतरन?" आणि माझ्याकडे पाहिले. "मले घड्याळ समजत नाई, भाऊजी. ते असते तं त्यायले विचारलं असतं. आता तुमालेच पुसतो. पोचली का?"

मी घड्याळाकडे पाहिले. चारला दहा मिनिटे होती.

"पोचली," मी म्हणालो.

"खरंच?"

"गणित करून पाहिले आहे."

"मंग तुमी खा पहिले. तुमी खाल्लं का मले समजन, पोचली म्हणून."

मी हात धुतला. आचमन केले. भात कालवला आणि घास घेतला. त्यांचे डोळे माझ्या हातावर होते. दुसरा घास घेतला. तेव्हा कुठे त्यांनी ताटातला थोडा भात पानावर काढून घेतला आणि खाली मान घालून जेवू लागल्या.

आता चार वाजून दहा मिनिटे झाली आहेत. विमान अजून आकाशात आहे, डोमाजी. अजून पन्नास मिनिटे ते आकाशातच असेल. वहिनी दुसऱ्यांदा भात घेत आहेत.